पाण्याला प्रेशर का नाही? सरहद्दीवरच्या घरातली तपासणी आणि दुरुस्ती

"पाण्याला प्रेशरच नाही" ही तक्रार एकच वाटते, पण तिच्या पोटात दोन वेगळ्या अडचणी असतात. एकात पाणी घरापर्यंत पोचतानाच जोर गमावून बसलेलं असतं. दुसऱ्यात ते दारापर्यंत चांगल्या जोराने येतं आणि घरातल्या एखाद्या पाइपात, चावीत किंवा जाळीत अडतं. नळाखाली हात धरून पाहिलं तर दोन्हीकडे तीच बारीक धार. उपाय मात्र अगदी वेगळे. पहिल्या अडचणीवर नवा शॉवर बसवून काहीच होत नाही आणि दुसरीवर पंप बसवला तर पैसे जातात, वर गंजलेल्या जुन्या पाइपावर नसता ताण येतो.

म्हणून कुठलीही वस्तू विकत आणण्याआधी मोजायचं. प्रेशर गेज हे नळाला फिरवून बसवायचं छोटं उपकरण आहे आणि या सगळ्या कामात त्याच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही नाही. सरहद्दीवरच्या वस्तीत तर ते जास्तच लागतं. तिथे रस्त्याच्या एका बाजूचं घर एका पाणीपुरवठा यंत्रणेचं पाणी वापरतं, समोरचं दुसरीचं. बाजारात दोन्हीकडचे नळ आणि पंप मिसळलेले असतात. अशा ठिकाणी अंदाज फार लवकर चुकतो.

दाब आणि प्रवाह

दाब म्हणजे पाणी पाइपाच्या भिंतीवर किती जोराने रेटतं ते. प्रवाह म्हणजे मिनिटाला किती लिटर पाणी बाहेर पडतं ते. नळ बंद असताना प्रवाह शून्य असतो, पण दाब असतोच. हा नळ बंद असतानाचा दाब म्हणजे स्थिर दाब. नळ उघडला की पाणी पाइपाला घासत वाहू लागतं, त्या घर्षणात काही दाब खर्च होतो आणि गेजचा काटा खाली येतो. तो जिथे थांबतो तो वाहता दाब.

सगळं निदान या दोन आकड्यांमधल्या फरकावर उभं आहे, म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अर्धवट बंद राहिलेली चावी किंवा गंजाने चोंदलेला पाइप स्थिर दाब कमी करत नाही. पाणी थांबलेलं असताना घर्षण नसतं, त्यामुळे भोक कितीही बारीक असलं तरी पलीकडे दाब पूर्ण पोचतो. अडथळा उघडा पडतो तो पाणी वाहू लागल्यावरच. पुष्कळ लोक, काही प्लंबरसुद्धा, नळ बंद ठेवून गेज बघतात, आकडा चांगला दिसतो आणि "दाब ठीक आहे" म्हणून मोकळे होतात.

दाबाचं मूळ बहुतेक वेळा उंची असते. पाण्याची पातळी नळापेक्षा सुमारे १० मीटर उंच असेल तर नळाशी १ बार दाब मिळतो. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच), किंवा जवळपास १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. दर मीटर उंचीला साधारण ०.१ बार, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याची पातळी शॉवरच्या वर दोन मीटर असेल तर शॉवरला मिळणार ०.२ बार. टाकी ५०० लिटरची असो की २,००० लिटरची, पातळी तीच असेल तर दाब तोच. मोठी टाकी आणली की जोर वाढेल ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती पूर्ण चुकीची आहे. मोठ्या टाकीने साठा वाढतो, जोर वाढत नाही.

घरात साधारण २ ते ४ बार दाब असला की सगळं सुखाने चालतं. त्याहून फार जास्त दाबही चांगला नाही. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमांप्रमाणे ८० पीएसआयपेक्षा, म्हणजे साडेपाच बारपेक्षा जास्त दाब असेल तर घरात दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो. नळ झटकन बंद केल्यावर भिंतीत धडधड आवाज होत असेल, वॉशर सारखे खराब होत असतील, तर तुमच्याकडे दाब जास्त आहे का हेही बघा.

गेज लावून काय बघायचं

गेज अशा नळाला लावा, ज्याला पाणी थेट बाहेरच्या लाइनवरून येतं. टाकीवरून आलेल्या नळाला लावलं तर फक्त टाकीची उंची मोजली जाईल. मीटरजवळ अंगणातला नळ असेल तर उत्तम. घरात दुसरं कोणी पाणी वापरत नाही हे बघा. मीटरनंतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असेल तर रात्रीचा जास्तीचा दाब घरात कोंडून राहतो, गीझर चालू असेल तर तापलेलं पाणी फुगून तो आणखी वाढतो, आणि गेज खोटा मोठा आकडा दाखवतं. म्हणून एकदा नळ उघडून थोडं पाणी सोडा, बंद करा आणि मग आकडा टिपा.

आता गेज तसंच ठेवून घरातला दुसरा एक नळ पूर्ण उघडा. आकडा टिपा. मग तिसरा उघडा आणि पुन्हा टिपा. हेच सकाळी गर्दीच्या वेळी, दुपारी आणि मध्यरात्रीनंतर करा. पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल तर आल्या आल्या, मध्ये आणि जायच्या आधी. दोन-तीन दिवसांचे आकडे कागदावर आले की ते स्वतःच बोलू लागतात.

समजा मीटरजवळ स्थिर दाब ३ बार आहे आणि आतला एक नळ उघडल्यावर तो २.७ होतो. म्हणजे मीटरपर्यंतची वाट मोकळी आहे. तरीही न्हाणीघरात धार बारीक असेल तर अडथळा मीटर आणि न्हाणीघराच्या मध्ये आहे. उलट एकच नळ उघडल्यावर ३ वरून काटा ०.८ वर कोसळला तर अडथळा गेजच्या अलीकडे, म्हणजे रस्त्यावरच्या लाइनपासून मीटरपर्यंतच्या तुकड्यात आहे. स्थिर दाबच ०.६ असेल आणि नळ उघडल्यावर ०.५ होत असेल तर तुमच्या पाइपात दोष नाही, पाणी येतंच कमी जोराने. मध्यरात्री ३ आणि सकाळी सातला ०.७ असेल तर सगळी वस्ती एकाच वेळी पाणी ओढते आहे आणि लाइन अपुरी पडते आहे.

शक्य असेल तर दुसरं गेज वरच्या मजल्यावरच्या नळाला लावा. एक मजला साधारण ३ मीटर, म्हणजे वर ०.३ बार कमी दिसणं स्वाभाविक आहे. पाणी वाहत असताना फरक त्याहून बराच जास्त निघाला तर चोर त्या दोन गेजांच्या मध्येच आहे.

गेज नसेल तर बादली आणि घड्याळ. दहा लिटरची बादली एका मिनिटात भरली तर प्रवाह मिनिटाला १० लिटर. शॉवरला मिनिटाला ७-८ लिटर मिळाले तरी आंघोळ छान होते. बादलीने दाब कळत नाही, पण दुरुस्तीच्या आधी आणि नंतर तुलना करायला ती पुरते.

घरातला अडथळा शोधताना

नळापासून मागे मागे जायचं. एकाच नळाला धार कमी असेल तर आधी त्याच्या तोंडाची जाळी काढा. वाळूचे कण, गंजाचे पापुद्रे आणि क्षारांचा थर तिथे बसतो. व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवली की क्षार सुटतात. जाळी काढल्यावर धार भरभरून आली तर काम संपलं. नाही आली तर खालचा अँगल कॉक, म्हणजे नळाखालची छोटी चावी, पूर्ण उघडा आहे का बघा. मग लवचीक जोडपाइप काढून कॉक बादलीत उघडा. एवढ्यावर निम्म्याहून जास्त एकट्या नळाच्या तक्रारी मिटतात असं माझं मत आहे, आणि तरीही लोक आधी नळ बदलतात.

फक्त गरम पाण्याचीच धार कमी असेल तर दोष गीझरच्या बाजूला आहे. कॅल्शियम कार्बोनेट पाणी तापल्यावर कमी विरघळतं, म्हणून जड पाण्याच्या भागात क्षार आधी गीझरमध्ये आणि त्याच्या तोंडच्या पाइपांत साचतात. गीझरच्या आत येणाऱ्या बाजूची जाळी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा. गीझरवर सुरक्षेसाठी बसवलेला दाब सोडणारा व्हॉल्व्ह मात्र कधीही काढू किंवा बुजवू नका. तो गळत असेल तर बदला.

सगळ्याच नळांना धार कमी असेल तर मुख्य चावीकडे वळा. जुन्या गेट व्हॉल्व्हचा एक दोष वरून अजिबात दिसत नाही. वरचं चाक फिरतं, आतली दांडी फिरते, पण दांडीपासून तुटलेली तबकडी खाली अडकून बसलेली असते. चाक पूर्ण उघडं आणि वाट अर्धी बंद. संशय आला तर ती चावी काढून तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवणं सरळ. त्याची मूठ पाइपाला समांतर असली की उघडा, आडवी असली की बंद, आणि पूर्ण उघडल्यावर आतली वाट मोकळी मिळते.

दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचं लक्षण ठरलेलं असतं. त्याच्या पुढच्या बाजूला स्थिर दाब ठीक दिसतो, नळ उघडताच घसरतो, आणि अलीकडच्या बाजूला मात्र दाब टिकून असतो. बऱ्याचदा आतली गाळणी चोंदलेली असते, ती धुतली की भागतं. वरचा स्क्रू फिरवून दाब बदलता येतो, पण गेज लावल्याशिवाय त्याला हात लावू नका आणि एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

जुन्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांवर थोडं थांबायला हवं, कारण खरी हानी तिथे होते. गंज आतल्या बाजूला गाठींसारखा वाढत जातो आणि वाट अरुंद होत जाते. सारखाच प्रवाह नेताना पाइपाचा आतला व्यास कमी होईल तसा घर्षणात जाणारा दाब त्या व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. १५ मिलिमीटरची वाट गंजाने १० मिलिमीटर झाली तर तेवढ्याच पाण्यासाठी सुमारे सातपट दाब खर्च होतो, आणि खडबडीत भिंतीमुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. उलट १५ च्या जागी २० मिलिमीटरचा पाइप टाकला तर तोटा चौथाईवर येतो. व्यासातला एवढासा बदल एवढा मोठा फरक करतो, म्हणून मीटरपासून घरापर्यंतचा मुख्य पाइप बदलण्यावर केलेला खर्च पंपावर केलेल्या खर्चापेक्षा जवळजवळ नेहमीच सत्कारणी लागतो. फक्त बदलायचा तो पूर्ण तुकडा. गंजलेल्या दहा मीटरांपैकी एक मीटर नवा टाकून धार सुधारत नाही, उलट जोडताना सुटलेला गंज पुढच्या जाळ्यांत जाऊन बसतो. दुरुस्तीनंतर जाळ्या काढून ठेवून पाणी भरपूर वाहू द्या, मग त्या लावा.

प्रवाह दुप्पट झाला की घर्षणातला तोटा साडेतीन पटींहून जास्त वाढतो. शॉवर चालू असताना कोणी स्वयंपाकघरातला नळ उघडला की शॉवर मरगळतो, तो यामुळे. दोघांना वेगवेगळ्या लाइन मुख्य पाइपापासूनच काढल्या तर ही ओढाताण संपते.

गळती शोधायला सगळे नळ बंद करून मीटर बघा. त्याचा छोटा त्रिकोण किंवा चकती फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातं आहे. मग घराची मुख्य चावी बंद करा. तरीही फिरत असेल तर गळती मीटर आणि चावीच्या मध्ये, बहुधा जमिनीखाली. थांबली तर घरात, आणि घरात पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्यावा.

टाकीवर चालणाऱ्या घरात आणखी एक त्रास असतो, हवा अडकण्याचा. टाकीतून निघालेला पाइप कुठे वर चढून खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यावर हवा साचते, आणि टाकीचा दाब इतका थोडा असतो की ती हवा ढकलली जात नाही. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर धार गेली असेल तर हेच कारण धरून चाला. मुख्य चावीनंतर लगेच एक उभी व्हेंट नळी काढून तिचं तोंड टाकीच्या पातळीच्या वर ठेवायचं, आणि पाइप टाकीकडून नळाकडे सतत उताराने न्यायचा. हे दोन्ही केलं की हवा पुन्हा कोंडत नाही.

सरहद्दीमुळे काय बदलतं

पाण्याची यंत्रणा आपल्या हद्दीपर्यंतच पाइप टाकते. त्यामुळे सरहद्दीवरची वस्ती बहुधा लाइनच्या शेवटच्या टोकाला येते. शहराच्या मध्यभागी पाइप जाळ्यासारखे जोडलेले असतात, पाणी दोन-तीन बाजूंनी येऊ शकतं. टोकाला ते एकाच बाजूने येतं आणि अलीकडची सगळी घरं आपापला वाटा आधी घेतात. शिवाय टोकाला पाण्याचा वेग मंद असतो, म्हणून गाळ तिथे साचतो. अशा ठिकाणी यंत्रणेकडे मागायच्या गोष्टी दोन आहेत. टोकाचा वॉशआउट व्हॉल्व्ह उघडून लाइन धुऊन काढा, आणि अलीकडच्या चाव्या पूर्ण उघड्या आहेत का तपासा. दुरुस्तीसाठी बंद केलेली चावी नंतर पूर्ण न उघडता तशीच राहणं हे टोकाच्या घरांना पाणी कमी पडण्याचं नेहमीचं कारण आहे. रात्री दाब भरपूर आणि दिवसा एकदम कोसळतो, तेही अचानक एखाद्या तारखेपासून, असं असेल तर आधी त्या चावीचं नाव घ्या.

"शेजारी पाणी कसं येतं?" हा प्रश्न एरवी पहिला विचारावा असा. सरहद्दीवर तो जरा जपून विचारायला हवा. समोरच्या घराचं पाणी दुसऱ्याच जलाशयावरून येत असेल तर त्यांचा ४ बार दाब तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. विचारायचं तुमच्याच लाइनवरच्या घरांना, एक अलीकडचं आणि एक पलीकडचं, आणि त्याच वेळी. अलीकडच्याला चांगला, तुम्हाला कमी आणि पलीकडच्यालाही कमी असेल तर दोष रस्त्यातल्या लाइनमध्ये आहे. दोन्हीकडे चांगला आणि मध्ये तुम्हालाच कमी असेल तर तुमच्या जोडणीत.

कधी पाणीच सीमा ओलांडून येतं. अमेरिकेतलं पॉइंट रॉबर्ट्स हे गाव जमिनीने फक्त कॅनडाला जोडलेलं आहे आणि त्याला पाणी कॅनडातल्या मेट्रो व्हँकुव्हरकडून मिळतं. अशा ठिकाणी पाणी कुठून येतं याचा विचार तक्रार करणाऱ्याने करायचा नसतो. बिल जी यंत्रणा देते तिलाच लिहायचं, पुढचा करार ती बघते.

सामानाची सरमिसळ हा सरहद्दीवरचा खरा डोकेदुखीचा भाग. उत्तर अमेरिकेत पाइपाचे आटे एनपीटी पद्धतीचे असतात, ब्रिटन, युरोपचा बराच भाग आणि भारतात बीएसपी. एनपीटीच्या आट्यांचा कोन ६० अंश, बीएसपीचा ५५. फसवणूक अशी की अर्धा आणि पाऊण इंची मापात दोन्हीकडे इंचाला १४ आटेच असतात, त्यामुळे एकाचा नळ दुसऱ्याच्या सॉकेटमध्ये दोन-तीन फेरे सहज फिरतो आणि बसला असं वाटतं. पण आट्यांचा आकार जुळत नाही, म्हणून दाब आला की तो गळतो, जास्त आवळला की सॉकेट तडकतं. एक इंची मापात तर एकीकडे इंचाला ११ आणि दुसरीकडे साडेअकरा आटे. कितीही टेफ्लॉन टेप गुंडाळली तरी हा जोड टिकत नाही. दोन पद्धती जोडणारा अडॅप्टर मिळतो, तोच वापरायचा.

शॉवर आणि नळांचंही तसंच. मेक्सिकोच्या उत्तर सीमेवरच्या शहरांत पुष्कळ घरांवर पाण्याची टाकी असते, तिला तिथे तिनाको म्हणतात. सीमेपलीकडे अमेरिकेत घरांना बहुधा थेट लाइनचा दाब मिळतो. ८० पीएसआयला मिनिटाला साडेनऊ लिटरहून जास्त पाणी जाऊ नये अशी अमेरिकेत शॉवरवर मर्यादा आहे, त्यामुळे तिथल्या शॉवरमध्ये पाणी रोखणारी चकती असते. तसा शॉवर आणून ०.२ बारच्या तिनाकोखाली लावला तर थेंब गळणार. शॉवर वाईट नाही, तो या दाबासाठी बनवलेलाच नाही. टाकीखाली मोठ्या भोकांचा, कमी दाबाचा शॉवर लावायचा.

गेज आणि पंपाच्या पाट्या वाचताना एकक बघा. एकीकडे पीएसआय, दुसरीकडे बार, किलो प्रति चौरस सेंटिमीटर किंवा किलोपास्कल. १०० किलोपास्कल म्हणजे १ बार. गॅलन लिहिलं असेल तर कोणता ते विचारा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. पंपाच्या क्षमतेत हा २० टक्क्यांचा फरक पडतो.

विजेचा फरक त्याहून गंभीर. ब्राझीलमध्ये वीज ६० हर्ट्झची, शेजारच्या पॅराग्वेत ५० हर्ट्झची. दोघांच्या सीमेवरच्या इताईपू धरणात २० यंत्रं आहेत, त्यांतली १० एका फ्रिक्वेन्सीवर आणि १० दुसरीवर चालतात, तीही याच कारणासाठी. ६० हर्ट्झसाठी बनवलेला साधा पंप ५० हर्ट्झवर लावला तर त्याचा वेग पाच-षष्ठांश होतो, आणि पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो सुमारे ६९ टक्क्यांवर येतो. ३० मीटर पाणी चढवणारा पंप जेमतेम २१ मीटर चढवेल. व्होल्टेज तेच राहिलं तर मोटर तापेल ते वेगळंच. उलट ५० चा पंप ६० वर चालवला तर त्याला लागणारी शक्ती १.७ पटींहून जास्त होते आणि मोटर जळू शकते. "पंप नवा आहे, मग जोर का नाही?" याचं उत्तर कितीदा तरी मोटरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. तीन फेजचा पंप असेल तर तो उलटा फिरत नाही ना हेही बघा. उलटा फिरणारा सेंट्रिफ्युगल पंपही थोडं पाणी देतो, म्हणून शंका येत नाही. इलेक्ट्रिशियनने दोन फेज अदलाबदल केले की तो सुलटा होतो.

पंप बसवायचाच असेल तर

मोजमापानंतर खरंच लाइनचा दाब कमी ठरला तर पंप हा रास्त उपाय आहे. तो रस्त्यावरच्या लाइनला थेट जोडून पाणी ओढू नका. याबद्दल मला अजिबात तडजोड नको वाटते. लाइनमध्ये पाणी कमी असताना पंपाने ओढलं की पाइपात दाब वातावरणाच्याही खाली जातो, आणि जमिनीतल्या प्रत्येक गळक्या जोडातून आजूबाजूचं सांडपाणी आत शोषलं जातं. ते तुमच्या आणि तुमच्या शेजाऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात मिसळतं. टोकावरच्या घरांच्या वाट्याला उरलेलं पाणीही जातं. अनेक ठिकाणी यावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

बरोबर पद्धत अशी. लाइनचं पाणी जमिनीवरच्या किंवा जमिनीखालच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्हमधून, वरून पडू द्यायचं. पाइपाचं तोंड आणि टाकीतल्या पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि निदान २५ मिलिमीटर मोकळी हवा ठेवायची, म्हणजे टाकीतलं पाणी उलटं लाइनमध्ये जाऊच शकत नाही. पंप त्या टाकीतून घेईल. घरात विहिरीचं किंवा टँकरचं पाणीही येत असेल, किंवा सीमेच्या दोन बाजूंच्या दोन जोडण्या असतील, तर त्या एकमेकींना पाइपाने कधीही जोडू नका, मध्ये चावी असली तरी. दोन्ही वेगवेगळ्या, हवेच्या अंतरावरून टाकीत पडू द्या.

पंपाला प्रेशर टँक असेल तर त्यातल्या हवेचा दाब पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा सुमारे ०.२ बार कमी ठेवतात. तो पंप बंद करून, टँकमधलं पाणी काढून, टायरच्या गेजनेच मोजता येतो. नळ उघडताच पंप दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर टँकमधली हवा गेली आहे किंवा आतला पडदा फाटला आहे. तसाच चालू ठेवला तर मोटरचं आयुष्य झपाट्याने संपतं.

यंत्रणेकडे तक्रार

मीटरच्या अलीकडची वाट यंत्रणेची आणि पलीकडची घरमालकाची, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी असते. तुमच्या जोडणीच्या कागदांवर ती हद्द नेमकी कुठे धरली आहे ते बघून घ्या. दाबाची किमान पातळीही देशोदेशी ठरलेली असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये घराच्या हद्दीवर ०.७ बार. टेक्सासमध्ये नेहमीच्या वेळी ३५ पीएसआय आणि आगीसारख्या आणीबाणीत २० पीएसआय. भारतात केंद्र सरकारच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत एकमजली घरासाठी ७ मीटर उंचीइतका दाब, दुमजलीसाठी १२ आणि तिमजलीसाठी १७ मीटर धरलेला होता. हे आकडे हद्दीवरचे किंवा मुख्य लाइनवरचे आहेत, गच्चीखालच्या शॉवरचे नाहीत. म्हणून तक्रारीत मीटरजवळच्या नळाचे आकडे द्या: तारीख, वेळ, स्थिर दाब, एक नळ उघडल्यावरचा दाब, आणि गेजचा फोटो. त्याच वेळचे तुमच्याच लाइनवरच्या दोन-तीन घरांचे आकडे जोडता आले तर फार बरं. "पाणी येत नाही" या वाक्याला टाळता येतं. "सकाळी सात वाजता तीन घरांत ०.४ बार, रात्री दोनला ३ बार" याला उत्तर म्हणून कोणाला तरी येऊन चावी तपासावीच लागते. चावी उघडून झाल्यावर त्याच नळाला, त्याच वेळी पुन्हा गेज लावा आणि नवा आकडा त्याच तक्रारीखाली लिहून पाठवा.